छातीचा फोटो

"जन्मसाल?" हौ गुरुजींनी विचारलं.

"कोणाचं? तुझं का माझं?"

"माझं! आज दुपारपर्यंत तू म्हणजे मी आहेस. किती वेळा सांगू?"

"मग ड्रॅगनचं साल."

"त्या नर्सला ड्रॅगन सांगणार आहेस का? शहरातली पोर ती. आकड्यात सांग, आकड्यात."

गावातले म्हातारे वर्षं अशी प्राण्यांच्या नावानं ओळखत. निंग गुरुजींनी आकडा सांगितला. तो एका वर्षानं चुकला. त्यांनी सवयीनं स्वतःचंच साल सांगितलं होतं. हौ गुरुजींनी कपाळावर हात मारला. निंग गुरुजी हसले आणि हसता हसता खोकले. खोकला बराच वेळ थांबेना. मग डोळे पुसत म्हणाले, "तू ड्रॅगन आणि मी साप. एका वर्षानं हुकलो बघ. जन्मभर असंच चाललंय."

"दोघंही चळलेत," असं म्हणत हौ गुरुजींची बायको फेंगयिंग पुढं आली आणि निंग गुरुजींच्या अंगातल्या काळ्या जाकिटाची कॉलर नीट करू लागली. जाकीट हौ गुरुजींचं होतं. त्यांच्या मुलीनं नववर्षाला आणलेलं. निंग गुरुजींना ते खांद्यात ढगळ होत होतं.

"आणि तिथं खोकला आला तर?" निंग गुरुजींनी विचारलं.

"तर खोक की! हौ गुरुजींनी खोकू नये असा काय कायदा आहे?"

गावाच्या फाट्यावर पहिली बस हॉर्न देत उभी राहिली होती. निंग गुरुजी हौ गुरुजींचं ओळखपत्र वरच्या खिशात घालून, परीक्षेला निघालेल्या पोरासारखे ओठांतल्या ओठांत साल घोकत उतरणीला लागले. हौ गुरुजी दारात उभे राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. आपलं जाकीट आपल्याला सोडून चाललेलं बघताना त्यांना गंमत वाटली.

झाओलिन हे बोरांच्या झाडांचं गाव. पिवळ्या मातीच्या टेकडीत कोरलेल्या खोल्यांची शाळा, तिच्या दोन वर्गांना दोन गुरुजी. हौ आणि निंग एकाच वर्षी त्या शाळेत लागले. तेव्हा दोघांचाही पगार म्हणजे गावानं दिलेलं धान्य. पुढं पुष्कळ वर्षांनी वरून हुकूम आला की अशा गावठी शिक्षकांना सरकारी शिक्षक करून घ्यायचं. हौ गुरुजींचं नाव यादीत आलं. निंग गुरुजींचंही आलं होतं, पण ते खोडलं गेलं. दोन मुलींवर त्यांना तिसरं मूल झालं होतं, मुलगा, आणि सरकारनं ठरवल्यापेक्षा जास्त मुलं होऊ देणाऱ्याला सरकारी नोकरी नव्हती. मुलाचं नाव थ्येलिन. निंग गुरुजी त्याला मांडीवर घेऊन म्हणायचे, "केवढं महाग पोरगं आहे बघा!" पण ते हसत म्हणायचे.

नोकरी गेली तरी शिकवणं गेलं नाही. शाळेला माणूस हवाच होता. ते 'तात्पुरते' म्हणून राहिले आणि शाळा बंद पडेपर्यंत तात्पुरतेच राहिले. तात्पुरत्या माणसाकडे वरकड कामं येतात. हिवाळ्यात पोरं यायच्या आधी वर्गातल्या कोळशाच्या शेगड्या पेटवायच्या, धूर जाईपर्यंत आत बसून वारा घालायचा, हे निंग गुरुजींचं काम. हौ गुरुजी घंटेच्या वेळी यायचे, तेव्हा खोली उबदार झालेली असायची. एका पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं, तेव्हा वर चढले तेही निंग गुरुजीच. तिथून पडले. खांद्यापुढचं हाड मोडलं. गावच्या हाडवैद्यानं ते बसवलं ते वाकडंच. कातडीखाली एक टणक उंचवटा कायमचा राहिला. पहिलीतली पोरं त्याला 'गुरुजींचं बोर' म्हणायची. पाढा न चुकता म्हणणाऱ्याला त्या बोराला बोट लावायला मिळायचं. त्या बोरापायी झाओलिनमधली पोरं पाढ्यांत पक्की झाली, असं हौ गुरुजी आजही सांगत.

आता दोघं म्हातारे झाले होते. हौ गुरुजींना पेन्शन होती, चांगलं विमा कार्ड होतं आणि दर शरदात तालुक्याच्या रुग्णालयात पेन्शनर शिक्षकांची तपासणी असायची. रक्त, हृदय, छातीचा मोठ्या यंत्रातला फोटो, सगळं. निंग गुरुजींची तपासणीही वर्षातून एकदा व्हायची, पण बाजारगावच्या दवाखान्यात. तिथं वजन करत, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत, बोटाला टोचत आणि म्हणत, "काका, मीठ कमी खा."

गेल्या हिवाळ्यापासून निंग गुरुजींचा खोकला हटत नव्हता. गावातल्या पेई डॉक्टरांनी वसंतात एकदा सलाईन लावलं होतं आणि आता बोरं उतरली की पुन्हा लावणार होते. गावातले सगळेच म्हातारे वर्षातून दोनदा रक्तवाहिन्या धुवून घ्यायचे. पेई डॉक्टरांच्या अंगणात उन्हाला रांगेत बसायचं, डोक्यावर बाटल्या टांगायच्या, गप्पा मारायच्या. निंग गुरुजींचा त्यावर पक्का विश्वास होता.

"धुणं वेगळं आणि बघणं वेगळं," हौ गुरुजी त्यांना म्हणाले होते. "आत काय आहे ते बघायला नको? माझ्या छातीचा फोटो दरवर्षी काढतात. दरवर्षी काही नसतं. यंत्राला उगाच त्रास. यंदा तुझा काढू देत."

इतकी साधी गोष्ट होती. जाकीट उसनं द्यावं तशी.

दुपारच्या बसनं निंग गुरुजी परत आले. आले ते थेट हौ गुरुजींच्या अंगणात. जाकिटाच्या खिशातून त्यांनी एक उकडलेलं अंडं काढलं आणि हौ गुरुजींच्या तळहातावर ठेवलं.

"हे काय?"

"तपासणी झाली की नाष्टा देतात तिथं. वाफेचा पाव, सोयाबीनचं दूध आणि अंडं. पाव खाल्ला, दूध प्यायलो. अंडं तुझ्यासाठी आणलं. तुझ्या नावाचं आहे ना."

"अरे येड्या, उपाशीपोटी रक्त दिलंस आणि अंडं खिशात घालून आणलंस?"

"सगळंच कसं खाऊ मी तुझं?" निंग गुरुजी ओट्यावर टेकले. चेहरा खुलला होता. "नर्सनं कार्डावरचा फोटो बघितला, मग मला बघितलं. म्हणते, आजोबा, फार बारीक झालात. मी म्हटलं, बायको जेवायला घालत नाही."

फेंगयिंगनं हातातलं फडकं त्यांच्यावर फेकलं.

"आणि यंत्र?"

"मोठं कडं असतं बघ, बैलगाडीच्या चाकाएवढं. त्यात निजवतात. वरून बाई बोलते, श्वास घ्या, धरा, सोडा. शाळेच्या फोटोच्या वेळी आपण पोरांना दम द्यायचो ना, हलू नका, तस्संच." मग ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तिथं पाटी होती, 'शिक्षकांनी इकडून जावे'. मी तिकडून गेलो. सगळीकडे आपले हौ गुरुजी इकडे या, हौ गुरुजी इथं बसा. हौ तू होतास, ठीक आहे. पण गुरुजी म्हटलं की मला वाटायचं, मलाच बोलावतात."

हौ गुरुजींनी अंडं फोडलं, निम्मं त्यांना दिलं. दोघांनी मीठ लावून खाल्लं.

आठवडा गेला असेल. एका भलत्याच दिवशी, कामाच्या वारी, हौ गुरुजींची मुलगी याछिन दारात उभी राहिली. ती तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात होती. सणावाराशिवाय तिला उसंत नसे. आज तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. सफरचंदं, दुधाची पावडर, डुकराच्या बरगड्या.

"आज सुट्टी?" फेंगयिंगनं विचारलं.

"घेतली. बाबांना बघावंसं वाटलं."

ती स्वयंपाकघरात शिरली. बरगड्या शिजायला ठेवल्या. बाहेर येऊन सफरचंद सोललं, फोडी केल्या, काटेरी चमच्यानं एकेक फोड वडिलांच्या पुढं धरू लागली. हौ गुरुजी तिच्याकडे बघतच राहिले. सात वर्षांची असल्यापासून ही मुलगी त्यांच्याशी हुज्जत घालत आली होती. आज त्यांनी टीव्ही मोठ्यानं लावला तरी ती काही बोलली नाही. चहात पत्ती जास्त पडली तरी बोलली नाही.

"बाबा, आपण ताइयुआनला जाऊ या का चार दिवस? तुम्ही केव्हाचं म्हणत होतात."

"मी? मी कधी म्हणालो?"

"बागा बघू. जुनी देवळं बघू. तिथं माझी एक मैत्रीण आहे, मोठ्या रुग्णालयात. तिलाही भेटू."

हौ गुरुजींनी फोड खाली ठेवली. त्यांच्या लोकांत आजाऱ्याला आजार सांगत नाहीत, घरच्यांना सांगतात. आपल्या आईच्या वेळी त्यांनी स्वतःच असं सफरचंद सोललं होतं.

"याछिन," ते हळू म्हणाले, "रुग्णालयातून फोन आला होता का?"

तिच्या हातातला चमचा थांबला. मग तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वाकडा झाला आणि ती रडायला लागली. "फुप्फुसावर डाग आहे म्हणाले. पण लवकर कळलंय, बाबा! डॉक्टर म्हणाले, फार लवकर कळलंय, आत्ता काढून टाकला तर निभावेल. तुमचं विमा कार्ड चांगलं आहे. काही काळजी करायची नाही..."

फेंगयिंगच्या हातातून झारा पडला. "अगं, तो गेलाच नव्हता!" ती ओरडली. "तुझा बाप गेलाच नव्हता तपासणीला! निंग गेला होता!"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांचा फोटो आहे तो! ह्यांचा नाही!"

याछिननं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. रडत होती आणि हसत होती. वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून म्हणाली, "म्हणजे तुम्ही नाही! तुम्ही नाही, बाबा!" फेंगयिंगही पदरासारखं एप्रन डोळ्यांना लावून हसत होती. आणि हौ गुरुजींच्या छातीतून काहीतरी जड खाली सरकलं, आत मोकळं मोकळं झालं. तेही हसले. ताटलीतली फोड उचलून त्यांनी तोंडात टाकली. गोड होती.

त्या हसण्याची चव पुढं जन्मभर त्यांच्या तोंडात राहिली.

समोरच्या घराच्या गच्चीवरून खोकला ऐकू आला. निंग गुरुजी गच्चीवर बोरं पसरत होते. खोकायचे, थांबायचे, लाकडी दाताळ्यानं बोरं सारखी करायचे, पुन्हा खोकायचे. खोलीतल्या तिघांचं हसणं थांबलं.

याछिननं नाक पुसलं. ती आता पुन्हा शिक्षण कार्यालयातली झाली होती. "बाबा, हे बाहेर बोलायचं नाही. दुसऱ्याला आपल्या नावावर पाठवणं म्हणजे फसवणूक आहे. कळलं तर तुमचं कार्ड बंद करतील, पेन्शनीची चौकशी लावतील. आणि मी त्याच खात्यात आहे. रुग्णालयाला मी सांगते, आम्ही ताइयुआनला दाखवतो म्हणून."

"आणि निंग?"

"निंगकाकांना सांगा, त्यांच्या नावानं पुन्हा फोटो काढून घ्या. एक-दोन आठवडे इकडचे तिकडे. तेवढ्यानं काय होतं?"

ती चुकीचं काही बोलत नव्हती. पिशवीतून तिनं फोटोचं मोठं पाकीट काढून दिलं आणि संध्याकाळच्या बसनं गेली. बरगड्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हौ गुरुजी शिडी चढून निंग गुरुजींच्या गच्चीवर गेले. लाल बोरांनी गच्ची भरली होती. दोघं कडेला बसले. हौ गुरुजींना वर्गात कधी शब्द कमी पडला नव्हता. आज त्यांनी आधी बोरांचं विचारलं, मग पावसाचं, मग थ्येलिनचं. थ्येलिन दक्षिणेत कारखान्यात होता आणि नववर्षालाच यायचा.

"फोटो आला वाटतं," निंग गुरुजीच म्हणाले.

हौ गुरुजींनी सांगितलं. डागाचं सांगितलं, लवकर कळल्याचं सांगितलं. आणि फोटोवरच्या नावाचं बाहेर कळता कामा नये, तेही.

निंग गुरुजी एक बोर हातात घेऊन फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तू नापास झालास म्हण की. सगळ्या वर्षी पास आणि यंदा..."

"निंग, थट्टा नको."

"बरं, नको."

"ऐक. पुन्हा माझ्या नावानं जा. काढून टाक तो डाग. कार्ड माझं, खाट शिक्षकांच्या वॉर्डातली. याछिनला मी बघून घेतो."

"आणि टेबलावर मेलो तर?" निंग गुरुजी हसले. "तुझी पेन्शन बंद. वहिनी विधवा. आणि मला नेऊन पुरतील तुझ्या बापाशेजारी. तुझ्या बापानं जिवंतपणी मला ओट्यावर बसू दिलं नाही. तिथं काय सरकून जागा देणार आहे?"

"मग तुझ्या नावानं चल. मी येतो बरोबर."

"जाऊ. बोरं वाळू देत. पाऊस लागला तर चिरतात." ते उठले आणि दाताळं घेतलं. पाठमोरे होऊन म्हणाले, "थ्येलिनला कळवू नकोस. काम टाकून येईल. आणि हिला तर नकोच."

बोरं वाळली. मगच ते दोघं बाजारगावच्या दवाखान्यात गेले. गावठी कार्डवाल्यानं आधी तिथं जायचं असतं. तिथली चिठ्ठी घेऊन तालुक्याला गेलं, तर विमा बराचसा खर्च उचलतो. तसाच गेला, तर बहुतेक खर्च त्याचा त्याला.

खिडकीत एक मुलगी होती. तिच्यापुढं गरम पाण्याची बाटली होती आणि बोलणं गोड होतं. "छातीचा फोटो काढावा लागेल, काका. पण आमचं यंत्र नादुरुस्त आहे. माणूस येणार, सुट्ट्या झाल्या की."

"तोवर तालुक्याची चिठ्ठी दे, पोरी," हौ गुरुजी म्हणाले. "ह्यांच्या फुप्फुसावर डाग आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

हौ गुरुजी खिडकीच्या फळीकडे बघू लागले.

"आधी कुठं काढलाय का फोटो? असला तर दाखवा. फोटो बघून डॉक्टर आत्ता चिठ्ठी देतील."

फोटो होता. हौ गुरुजींच्या काखेत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. घरून निघताना त्यांनीच तो घेतला होता, कशासाठी ते स्वतःला न सांगता. आता फक्त खिडकीच्या फळीवर ठेवायचा होता. कोपऱ्यात नाव होतं, हौ देमाओ. मुलगी नाव वाचील. कार्ड बघील. मग विचारील. मग याछिनच्या कार्यालयात फोन जाईल. हौ गुरुजींच्या हातानं वर्तमानपत्राची घडी उलगडायला सुरुवातही केली. कागद करकरला.

निंग गुरुजींनी त्या कागदाकडे बघितलं, मग हौ गुरुजींच्या चेहऱ्याकडे.

"नाही पोरी," ते म्हणाले. "फोटो नाही. आम्ही म्हातारे, आपलं मनाचंच बोलतो. चल हौ, बस चुकेल."

हौ गुरुजींचा हात तसाच राहिला. बसमध्ये ते म्हणाले, "चिठ्ठी नको, काही नको. थेट तालुक्याला जाऊ. खर्च माझा." निंग गुरुजींनी तोंड खिडकीकडे फिरवलं. काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं जमत होतं. लहानपणी पोरं काढतात तसा त्यांनी त्यावर बोटानं एक आकडा काढला आणि पुसून टाकला.

सुट्ट्या झाल्या. यंत्र दुरुस्त करायचा माणूस आला की नाही, कोणी विचारायला गेलं नाही. निंग गुरुजी पेई डॉक्टरांच्या अंगणात बसून रक्तवाहिन्या धुवून घेत होते. सलाईननं त्यांना बरं वाटलं. खोकला जरा कमी झाला. "बघ," ते म्हणाले, "धुण्यात पण अर्थ असतो." हौ गुरुजी रोज मनाशी म्हणायचे, उद्या त्याला हाताला धरून नेतो. दुसरा दिवस उजाडला की निंग त्यांना गच्चीवरून हाक मारायचा, राळ्याची पेज खायला बोलवायचा. तो चांगला दिसायचा. आणि चांगल्या दिसणाऱ्या माणसाला हाताला धरून कसं न्यायचं? असे दिवस गेले. बर्फ पडलं.

नववर्षाला थ्येलिन आला. बापाला बघितलं आणि चौथ्याच दिवशी त्याला घेऊन ताइयुआनला गेला. महिन्याच्या आत परत घेऊन आला. हौ गुरुजी भेटायला गेले, तेव्हा थ्येलिन अंगणात कोळसा फोडत होता. तो फोडता फोडता म्हणाला, "शरदात आणलं असतं तर काढता आलं असतं म्हणतात. काका, तुम्ही रोज बाबांबरोबर असायचा. काही लक्षात नाही आलं?"

"खोकायचा," हौ गुरुजी म्हणाले.

आत, खालून शेकवलेल्या उबदार ओट्यावर निंग गुरुजी निजले होते. त्यांनी ते ऐकलं होतं. हौ गुरुजी जवळ बसल्यावर त्यांनी डोळे उघडले, मान किंचित हलवली. रागावली नव्हती ती मान. पोराचं उत्तर चुकलं तरी खाली बस म्हणून सांगताना हलवायचे, तशी. सदऱ्याची गुंडी उघडी होती आणि सुकलेल्या अंगावर ते बोर फार मोठं दिसत होतं.

बोरांच्या झाडांना बारीक पिवळी फुलं आली, तेव्हा निंग गुरुजी गेले. त्यांना बोरांच्या बागेतच पुरलं. गावभर फुलांचा वास होता. शहरातून, कारखान्यांतून पोरं आली. कोणी ड्रायव्हर, कोणी दुकानदार, एक तर इंजिनियर. मातीला डोकं टेकून उठताना त्यांतल्या दोघांनी नकळत स्वतःच्या खांद्यापुढं बोट लावलं. हौ गुरुजींनी ते बघितलं.

पुढच्या शरदात तपासणीचा निरोप आला. याछिननं फोन करून बजावलं, "बाबा, यंदा तुम्ही स्वतः जा." काळं जाकीट निंग वहिनींनी धुऊन, घडी करून केव्हाच परत दिलं होतं. तेच घालून हौ गुरुजी गेले. 'शिक्षकांनी इकडून जावे' अशी पाटी होती. त्या कड्यात निजले. श्वास घ्या, धरा, सोडा.

तपासणीचा निकाल आठवड्यानं कळतो. पण ते बाकावरून उठायच्या आत एक तरुण डॉक्टरीण स्वतः बाहेर आली. तिचा चेहरा उजळला होता.

"हौ गुरुजी, आत या ना जरा. बसा. गेल्या वर्षीचा डाग... तुम्ही ताइयुआनला ऑपरेशन केलंत का?"

"नाही."

"मग औषधं?"

"नाही."

"काहीच नाही? अहो, इथं काही राहिलेलंच नाही! फुप्फुस एकदम स्वच्छ. मी असं कधी बघितलं नाही. तुम्ही फार भाग्यवान आहात, गुरुजी." तिनं पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. "हा गेल्या वर्षीचा, हा आजचा. बघा. इथं डाग होता, इथं नाही. आणि हे इथं, हे खांद्यापुढचं हाड, गेल्या वर्षी मोडून वाकडं जुळलेलं दिसतंय आणि आज..."

ती थांबली. तिनं पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग हौ गुरुजींच्या खांद्याकडे.

डाग जाऊ शकतो असं तिला एक वेळ वाटलं असतं. पण मोडलेलं हाड पुन्हा न मोडल्यासारखं होत नाही.

हौ गुरुजी पडद्याजवळ सरकले. डावीकडच्या फोटोत बरगड्या होत्या, जवळजवळ, बारीक, आणि त्यांच्यावर ते बोर. पांढरं, स्पष्ट. त्यांनी बोट पुढं नेलं, पण काचेला लावलं नाही.

"शाळेच्या छपरावरून पडला होता," ते म्हणाले.

"कोण?"

याछिनचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढं आला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

"निंग चुनशू. झाओलिनच्या शाळेत गुरुजी होता. हा फोटो त्याचा आहे. नाव माझं पडलंय."

 डॉक्टरिणीनं उठून दार लावलं आणि परत येऊन बसली. तिनं हळू विचारलं, "ते आता कुठं असतात?"

"झाओलिनलाच. बोरांच्या बागेत."

तिला कळलं की नाही, त्यांना समजलं नाही. तिचे हात मांडीवरच होते. "हे मला लिहावं लागेल, गुरुजी," ती म्हणाली.

"लिही, पोरी. निंग नीट लिही. आणि पुढं गुरुजी लिही."

ते बाहेर आले तेव्हा नाष्ट्याच्या टेबलामागच्या मुलीनं हाक मारली, "हौ गुरुजी, तुमचा राहिलाय!" त्यांनी पाव घेतला, दूध घेतलं. अंडं जाकिटाच्या खिशात ठेवलं.

बसमध्ये त्यांचा हात खिशातच होता. अंडं गरम होतं. मग कोमट झालं. झाओलिनच्या फाट्यावर उतरले तेव्हा गच्च्यागच्च्यांवर बोरं लाल झाली होती. एक गच्ची मात्र रिकामी होती. हौ गुरुजी तिच्याखाली थोडा वेळ उभे राहिले, आणि मग अंड्यावरची मूठ न सोडता बागेकडच्या चढाला लागले.